दाताचा कोपरा

तुकडा पडला तेव्हा आवाज असा झालाच नाही. चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपला होता. सॅन्टन आपल्या चुलतभावाच्या, बेसिलच्या अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसला होता, आणि फाटलेली जागा विणून झाल्यावर त्याने नायलॉनचा दोरा दातांत धरून सवयीने तोडला. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात दोरा तोडायला म्हणून कात्री आणायला कोणी उठत नाही. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असतात, दात रिकामे असतात. बाप तसाच तोडायचा, आईही तशीच तोडायची. पण सॅन्टनचा वरचा पुढला दात रिकामा नव्हता. त्याचा अर्धा भाग देवाने दिलेला होता आणि अर्धा पापडी गावच्या जयवंत डॉक्टरांनी सिमेंट भरून घडवलेला, आणि त्या घडवलेल्या अर्ध्याला सॅन्टनने वीस-बावीस वर्षं जावयासारखं सांभाळलं होतं. पेरू सुरीने कापून खायचा, कणसाचे दाणे बोटांनी सोडवायचा, खेकड्याची नांगी थेट दाढेखाली. पंगतीत लोक चेष्टा करायचे की सॅन्टन हाडाला आधी नमस्कार करतो आणि मग जेवतो. एवढं सगळं करून शेवटी दोऱ्याने घात केला. जिभेवर वाळूचा कण आल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने तळहातावर थुंकून बघितलं, तर पिवळसर, नखाच्या कोरीएवढा तुकडा. जीभ लगेच वर गेली आणि तिला तिथे एक धार सापडली. बेसिल समोर बसून मुलीच्या लग्नाच्या मांडवाबद्दल बोलत होता. सॅन्टनने तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि मान हलवत राहिला.

दुसऱ्या कोणाचा दात असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण सॅन्टन ट्रंपेट वाजवायचा. दिवसा कामणच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायची आणि लग्नसराईत बेसिलच्या बँडमध्ये पहिला ट्रंपेट. पहिलं काम पोटासाठी होतं, दुसरं नावासाठी. ट्रंपेट ओठांनी वाजतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की माउथपीस ओठाला दाबतं, ओठ मागच्या दातावर टेकतो, आणि तो टेकू केसभर सरकला तरी वरचा सूर हातचा जातो. प्रिसिला ही बेसिलची एकुलती मुलगी, तिचं लग्न ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी होतं आणि आदल्या संध्याकाळी विहिरीवरून पाणी आणायला वाजतगाजत जायचं होतं. बेसिलच्या घराण्यात एक रीत आहे. विहिरीच्या काठावर ट्रंपेटचा एक लांब सूर निघतो, चढत जातो, वर थांबतो, आणि तो थांबलेला असतानाच नवरीची मामी घागर पाण्यात सोडते. सूर मधेच फाटला तर घागर रिकामीच वर घेतात आणि सगळं पहिल्यापासून. अशी रिकामी घागर एकदाच वर आली होती, बेसिलच्या आत्याच्या लग्नात. आत्या देवाघरी गेली, पण तो ट्रंपेटवाला अजून लोकांच्या चेष्टेत जिवंत आहे. मुलीचा बाप स्वतः वाजवत नाही, त्यामुळे त्या दिवशी सगळा बँड सॅन्टनच्या अंगावर होता. तसं सांगताना बेसिलने त्याचा हात हातात घेतला होता, आणि बेसिल काही हात हातात घेणाऱ्यातला माणूस नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता हे त्यातल्या त्यात बरं. उपवासकाळात लग्नं नाहीत, बँड नाही, ट्रंपेट पेटीत. दर वर्षी हे दिवस सॅन्टनला खायला उठायचे. या वर्षी त्याला ते देवाने दिलेली सवलत वाटली. सोमवारी तो पेटी घेऊनच गोदामात गेला आणि जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या थप्प्यांमागे उभा राहून त्याने हळूच फुंकून बघितलं. खालचे सूर आले. मधले आले. वर जायला लागला तशी ओठाखालून कुठूनतरी हवा पळाली आणि सुराचे दोन झाले, एक इकडे, एक तिकडे. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा दोन. खोक्यांवर ‘काळजीपूर्वक हाताळा’ असं छापलेलं होतं आणि ते वाचून त्याला स्वतःचाच राग आला. मग त्याने जे केलं ते पाचूबंदरचा माणूसच करू जाणे. फायबरच्या होडीला चीर पडली की दोन डब्यांतलं कालवून जी पुट्टी भरतात, ती त्याने चिमूटभर आणली आणि आरशात बघत दाताला लावली. या बंदरावर फुटलेल्या प्रत्येक वस्तूवर तोच इलाज होतो, होडी असो, पाण्याची टाकी असो नाहीतर खुर्चीचा पाय. चहाला रॉकेलचा वास येत राहिला, जीभ चुरचुरत राहिली, पण पुट्टी धरून होती. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकताना ती सुटून जिभेखाली आली, आणि तिथे थुंकता येईना म्हणून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत त्याने ती गालात धरून ठेवली.

बायकोच्या, रोझलीनच्या लक्षात आलं ते याच्याही आधी. टोपलीतला शिळा मासा कपड्याआडून ओळखणारी बाई ती, तिच्यापुढे तोंडावर हात धरून बोलणारा नवरा किती दिवस टिकणार. तिने त्याला ओसरीवर बसवून हनुवटी वर केली, बघितलं, आणि म्हणाली, “यवढंच ना? मायकल हाय ना वाजवायला. एक दिवसाचं तर काम.” मायकल बँडमधला दुसरा ट्रंपेट, तयारीचा, हिंदी गाणी वाजवताना लोक त्याच्यावरून नोटा ओवाळायचे. रोझलीनच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला नवऱ्याचं ओझं उतरवायचं होतं. पण सॅन्टन न जेवता उठला आणि बराच वेळ बंदराजवळच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला फिरत राहिला. मायकल वाईट वाजवेल ही भीती त्याला नव्हतीच. मायकल चांगला वाजवेल, घागर भरून वर येईल, बायका गाणं धरतील, आणि सॅन्टन गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवेल, ही भीती होती. त्यानंतर कोणी काही बोलणार नाही. नुसतं पुढच्या लग्नात विचारतील, कोण वाजवतंय, तू की मायकल? आणि त्या विचारण्यातच सगळं आलं.

स्टेशनजवळच्या काचेच्या दवाखान्यात त्याला सांगितलं की दात चहूकडून घासून कॅप बसवू, एकदम हिरोसारखं दिसेल. आकार हाच राहील का असं त्याने विचारलं. याहून चांगला, असं उत्तर आलं आणि तो चप्पल घालून बाहेर पडला. त्याला चांगला नको होता, त्याला हाच हवा होता. त्या सिमेंटच्या अर्ध्या भागात त्याचा सूर राहतो अशी त्याची समजूत होती, आणि ती आजची नव्हती. तरुणपणी होडीवर नांगर ओढताना कप्पी सुटून तोंडावर आली तेव्हा रक्त पुसायच्या आधी त्याने ओठ चाचपले होते. जयवंत डॉक्टरांकडे तेव्हा निळ्या उजेडाचं यंत्र नवीनच आलं होतं, आणि माणूस नवी स्कूटर दाखवतो तसे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. त्यांनी दात घडवला, सॅन्टनला खुर्चीतच बसवून ट्रंपेट वाजवायला लावला, थोडं घासलं, पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा घासलं, आणि शेवटी वरचा सूर असा खणखणीत निघाला की बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट सॅन्टनने मांडवामांडवांतून सांगितली होती. दात सुरात लावणारा डॉक्टर! लोक हसायचे, डॉक्टरांचं नाव व्हायचं, आणि सांगता सांगता सॅन्टनचाही तिच्यावर पक्का विश्वास बसला होता. डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या हातचं काम मात्र सॅन्टनच्या तोंडात होतं, कोपरा सोडून.

डॉक्टर नेहल हे नाव गोदामातल्या एकाने सुचवलं. एका मेडिकलच्या दुकानावरचा साधा दवाखाना, आणि डॉक्टरीण कमी बोलणारी. तिने छोट्या आरशाने बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

“अंकल, हे काय चिकटलंय?”

सॅन्टनने होडीच्या पुट्टीचं सांगितलं. ती हसली नाही. पुट्टी होडीतच ठेवा, एवढं म्हणाली आणि एक्स-रे काढला. मग तिने त्याला पडद्यावर दाखवून शांतपणे समजावलं. जुनं फिलिंग बरंचसं अजून घट्ट होतं. रंग उतरला होता, कोपरा तुटला होता, आणि दात नि फिलिंग जिथे जुळतात तिथे एक तपकिरी रेघ उमटली होती. सगळं उकरून नव्याने भरता येईल, पण दर वेळी सगळं उकरताना चांगला दातही थोडा जातो, खड्डा मोठा होत जातो आणि एक दिवस भरायला दातच उरत नाही. त्यापेक्षा बिघडलं तेवढंच काढावं आणि जुन्यालाच नवं जोडावं, असं तिचं मत होतं. सॅन्टनला ती एकदम आवडली. पण तिने पुढचंही सांगितलं. रेघेखाली कीड किती आत गेली आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही आणि उघडायच्या आधी ती शब्द देणार नाही.

“उघडा,” सॅन्टन म्हणाला. “पन चांगलं हाय त्याला हात लावायचा नाय. आनि सुई नको.”

सुई दिली की ओठ बधिर होतो, ओठ बधिर झाला की वाजवून बघता येत नाही, आणि वाजवून बघितल्याशिवाय तो खुर्चीतून उठणार नव्हता. पायाशी ठेवलेली पेटी काय आहे ते तिला आत्ता कळलं. तिने क्षणभर विचार केला आणि दुखलं तर डावा हात वर करा म्हणाली.

खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, ओठाच्या आत कापसाच्या गुंडाळ्या बसल्या. आधी पुट्टीचे उरलेसुरले कण निघाले, मग यंत्र गिरगिरायला लागलं आणि थंड पाण्याचा फवारा घशापर्यंत गेला. सॅन्टनने डोळे मिटून घेतले. जीभ मागे ओढून धरायची होती आणि ती सारखी पुढे जायची, आपल्या जागेला काय करतायत ते बघायला. दुखणं बारीक होतं, कानामागे एखादी शीर कोणी चिमटीत धरावी तेवढं. तो विहिरीचा विचार करत होता. लाल लुगड्यातली मामी, काठावर गुलाल नि तांदूळ, आणि आपण छाती भरून घेतोय. यंत्र थांबलं. डॉक्टरिणीने त्याच्या हातात आरसा दिला आणि टोकदार सळईने दाखवलं.

“रेघ इथपर्यंत गेलीय अंकल. एवढं काढावं लागेल. हे बाकीचं पक्कं आहे, त्याला मी हात लावत नाही.”

एवढं म्हणजे जवळजवळ निम्मं. आणि नेमकं तेच निम्मं, जिथे ओठ टेकायचा. सॅन्टन घाबरला. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तेव्हाही तो असा घाबरला नव्हता. नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं, नुसती मान होती. उठून जाता आलं असतं. मेण नाहीतर च्युइंगगम लावून लग्नापुरतं निभावूनही नेता आलं असतं, वाजवणारे तसलं काहीबाही करतात. कीड आज ना उद्या दाताच्या नसेपर्यंत पोहोचेल, मग रूट कॅनाल, मग कॅप, असं तिने मघाशीच सांगितलं होतं. तरी त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. जयवंत डॉक्टरांचा निम्मा दात आता पाण्याबरोबर नळीतून जाणार होता आणि त्याच्याबरोबर तो सूर, ज्याच्यावर आपण आजवर जगलो. डॉक्टरीण वाट बघत होती. तिने घाई केली नाही. सॅन्टनने मान हलवली, हो म्हणून, आणि आरसा परत दिला.

यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि गंमत अशी की जे जात होतं त्याला निरोप द्यायला म्हणून त्याने ती जुनी गोष्ट मनात काढली, तर ती नेहमीच्या ठिकाणी संपेना. टाळ्यांपर्यंत ठीक चाललं होतं. पण टाळ्यांनंतर तो घरी गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? दुसऱ्या दिवशी सूर आला नव्हता. दवाखान्यात निघाला तो एकच, लागला तर तीर, नाहीतर तुक्का म्हणतात तसा. त्यानंतर महिनोन्महिने सुराचे दोन होत होते, आणि बँडमध्ये त्याच्या हातात झांजा दिल्या होत्या. झांजा! हे तो साफ विसरला होता. बा मोठा ढोल वाजवायचा, ट्रंपेटमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दिवसांत समुद्रावरून आला की होडी धुताना तो सॅन्टनला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, बसवायचा आणि एकच सूर फुंकायला लावायचा, गाणं नाही, चाल नाही, दम संपेपर्यंत एकच. बाची पाठ असायची, हातात झाडू. सूर फाटला की तो न वळता बोटाच्या पेराने फळीवर एकदा ठोकायचा. म्हणजे पुन्हा. शेजारपाजारचे वैतागले, आईने कानात कापूस घातला, एका म्हातारीने फादरकडे तक्रार नेली. बा नुसता फळीवर ठोकत राहिला. सूर पहिल्यांदा सलग वर गेला त्या दिवशी तो झाडू खांद्यावर टाकून घरी गेला होता. मांडवात सांगायला ही गोष्ट लांब पडते, हिच्यात हसायला काही नाही, म्हणून ती हळूहळू गळून गेली आणि बाचे सगळे महिने डॉक्टरांच्या एका दुपारच्या नावावर जमा झाले. सॅन्टनला बाची फार आठवण आली. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं तसं यंत्र थांबलं आणि डॉक्टरिणीने दुखतंय का विचारलं. त्याने डावा हात वर केला नाही. उजव्या हाताने चालू द्या अशी खूण केली.

मग जोडायचं काम आलं. जुन्या फिलिंगचा उरलेला भाग तिने मुद्दाम खरबरीत केला. गुळगुळीत जुन्यावर नवं धरत नाही, ती म्हणाली. फायबरच्या होडीचंही तसंच असतं. कोणीतरी ओळखीच्या वाटेने चाललंय असं सॅन्टनला वाटलं. निळं आंबट काहीतरी लागलं, धुतलं गेलं, वाऱ्याने सुकलं. बारीक कुंचल्याने पाण्यासारखं पातळ औषध लावलं, मग दुसरं. दोन दातांच्या मधे पारदर्शक पट्टी सरकवून तिने पिठासारखं मऊ काही थोडं थोडं बसवलं, आणि दर वेळी मिटल्या पापण्यांमधून निळा उजेड आला नि गेला. तिचा श्वास ऐकू येत होता. काम अवघड आलं की ती तो रोखून धरायची. शेवटी घासणं, चकचकीत करणं, आरसा. सॅन्टनने बघितलं. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते डोळ्यांना सापडत नव्हतं. जिभेला लगेच सापडलं. घरात नवं कपाट आल्यावर अंधारात खांदा आपटतो तशी ती तिथे जाऊन आपटली.

त्याने पेटी उघडली. खालचा सूर आला, मधला आला, आणि वर जाताना फाटला. डॉक्टरिणीचा चेहरा उतरला. कुठे घासू ते सांगा, असं ती म्हणाली. त्याने जिभेने जागा दाखवली, तिने चकतीने हलकेच घासलं, त्याने वाजवलं. आता दुसरीकडे फाटला. पुन्हा घासलं. पुन्हा फाटला, थोडा वर जाऊन. बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी दार ढकलून आत डोकावून गेलं. तिने तिसऱ्यांदा चकती उचलली, तेव्हा सॅन्टनने तिच्या हाताकडे बघितलं. तो चांगला हात होता. तो घासत राहिला असता, सॅन्टनने सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत, आणि दाताचा पार खिळा झाला असता.

“राहू द्या,” तो म्हणाला. “दात बरा झालाय.”

“सूर नाही आला ना पण.”

“तो तुमच्याकडं नाय, डॉक्टर.”

हे तो तिला बोल लावायला म्हणाला नव्हता, आणि तिलाही ते कळलं असावं. तिने चकती ठेवली. पुढच्या महिन्यात दाखवून जा, आणि यापुढे दोरा बिरा तोडायचा नाही, असं बजावलं. तो हो म्हणाला. दाताचा भरवसा होता, सवयीचा नव्हता.

घरी न जाता तो तडक बंदरावर गेला. दुपार कलली होती, लिलाव उरकला होता, बायका टोपल्या धूत होत्या, रोझलीनही त्यांच्यातच होती. ओहोटीने होड्या चिखलात कलंडल्या होत्या. एकीच्या नाळेवर चढून तो बसला आणि पेटी उघडली. आतापर्यंत लपवलं होतं, खोक्यांमागे, हाताआड, गालात. उपवासकाळात या बंदरावर बँडचा आवाज निघत नाही, त्यामुळे जे निघेल ते चर्चपर्यंत जाणार होतं. त्याने एक सूर धरला. चढला, थरथरला, फाटला. टोपल्यांचे आवाज थांबले. उपासात कोनाचं लगीन लागलं, असं कोणीतरी ओरडलं आणि हसू फुटलं. रोझलीन हसली नाही. ओले हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा तोच सूर धरला. पुन्हा फाटला. कान तापले, लाज वाटली, आणि लाजेसकट त्याने पुन्हा धरला. ओठाला नवा टेकू परका होता, गुळगुळीत, थंड; त्याला सरकवून बघायचं, थोडं डावीकडे, थोडं खाली, दाब कमी करून, जसं परक्या घरात हळूहळू बसायला शिकतो माणूस. फाटला.

बेसिल केव्हा आला ते त्याला कळलं नाही. लुंगीवरच आला होता, घरातून ऐकून. होडीच्या खाली चिखलाच्या कडेला उभा राहून त्याने वर बघितलं. सॅन्टनने ओठ उचलून दात दाखवला आणि काहीही न झाकता सगळं सांगितलं, दोरा, पुट्टी, निम्मं गेलेलं. बेसिलच्या चेहऱ्यावरून ईस्टर, मांडव, विहीर, पाव्हणे असं सगळं सरकताना दिसलं.

“मायकलला तयार ठेवू?”

“ठेव.” सॅन्टनने ट्रंपेट मांडीवर घेतला. “तयार ठेव. पन घागर माझ्याच सुरावर सोडायची. मी आनतंय तो.”

बेसिल तिथेच ऐकायला उभा राहिला. सॅन्टनने छाती भरून घेतली. सूर निघाला, चढला, वर गेला आणि वर क्षणभर थांबला, इतका की रोझलीनने कमरेवरचे हात खाली घेतले, आणि मग तो फाटला. बंदरावर कोणी हसलं नाही. बेसिल जन्मभर ट्रंपेट ऐकत आलेला माणूस. भाऊ म्हणून त्याला काही गोड बोलता आलं असतं, मुलीचा बाप म्हणून काळजीचं काही. तो तालमीत म्हणतो तेवढंच म्हणाला.

“परत.”

सॅन्टनने ओठ पुसले आणि परत वाजवलं.